ठाण्याच्या पाण्याला धनी कोण?

परवा रात्री पावणेबाराला सोसायटीच्या गेटवर टँकर आला. वॉचमनकाकांनी इंटरकॉमवर सांगितलं आणि मी खाली उतरले, कारण यंदा पाणी कमिटीत माझं नाव आहे. ड्रायव्हरने जमिनीखालच्या टाकीत पाइप सोडायच्या आधी मी मोबाइलची बॅटरी लावून काठी आत घातली. त्या काठीवर आम्ही लाल रंगाने पट्टे ओढलेत. ती वर आली तेव्हा सगळ्यात खालचा पट्टाही कोरडा होता, फक्त टोक ओलं. आमची घरं ११२. टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे घरटी नव्वद लिटरसुद्धा नाही, आणि शहरात माणशी १३५ लिटर हा सरकारचाच निकष आहे.

मी ड्रायव्हरला विचारलं, दादा, हे पाणी कुठलं? "बोअरचं आहे ताई, भिवंडी साइडचं." ती बोअर कुणाची, दिवसाला किती टँकर भरतात, शेजारच्या गावातल्या विहिरीचं काय होतं, हे त्याला माहीत असायचं काही कारण नाही. वाईट याचं वाटतं की ज्याला माहीत असायला हवं असा कुणीच नाही. राज्यात भूजलाचा कायदा २००९ चा आहे. तरी आमच्या गेटवर रोज रात्री येणाऱ्या या पाण्याचा हिशेब कुठल्या वहीत आहे, मला अजून कुणी दाखवलेलं नाही. आमच्याकडे मात्र वही आहे. मे महिन्यात टँकरवर झालेला खर्च सिक्युरिटी आणि लिफ्टच्या खर्चापेक्षा जास्त आहे.

टँकर का मागवावा लागला? तर त्या आठवड्यात शटडाऊन होता. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. चोवीस तास पाणी बंद, आणि पुढचे दोन दिवस लो प्रेशर. आमच्यासारख्या टोकाच्या बिल्डिंगांना तिसऱ्या दिवशी धार लागते.

कमिटीत आल्यापासून मी हे सगळं मुळापासून समजून घ्यायचा प्रयत्न करते आहे. ठाणे शहराला दिवसाला साधारण ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं आणि ते चार ठिकाणांहून येतं. महापालिकेची स्वतःची योजना आहे, ती पिसे बंधाऱ्यावरून भातसाचं पाणी उचलते आणि टेमघरला शुद्ध करते. स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी शहाडला उल्हास नदीतून उचलते. एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी कळवा, मुंब्रा, दिव्याला जातं. थोडं मुंबई महापालिका देते. चार पुरवठादार, चार पाइपलाइन, चार शटडाऊन. हद्दीवरच्या वस्तीत पाणी आलं नाही की फोन इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आणि हे फक्त पुरवठ्याचं झालं. भातसा धरण जलसंपदा विभागाचं. बदलापूर-अंबरनाथला पाणी देणारं जीवन प्राधिकरण वेगळं. गावांच्या योजना जिल्हा परिषदेकडे. नदीत सांडपाणी सुटलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. विहिरी आणि बोअर भूजल यंत्रणेकडे. पाणी एकच आहे हो. तीच उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, भिवपुरीला वीज तयार करून सोडलेलं आंध्र धरणाचं पाणी तिला मिळतं, कर्जत, नेरळ, बदलापूर करत ती शहाडला येते, आणि वाटेत प्रत्येक जण तिच्यातून घेतो किंवा तिच्यात सोडतो. या सगळ्या वाटेवर तिची पूर्ण जबाबदारी ज्याच्या माथी आहे असं एक खातं मला दाखवा.

मार्चमध्ये माहेरी जायला कसारा लोकल पकडली होती. शहाड सुटल्यावर पुलावरून खाली पाहिलं तर पाणी दिसेना. काठापासून काठापर्यंत जलपर्णी, इतकी दाट की गुरं चरायला उतरतील असं वाटावं. ती काही आपोआप येत नाही. वरच्या शहरांचं न शुद्ध केलेलं सांडपाणी नदीत उतरतं, त्यावर ती पोसते. दरवर्षी ती काढायला खर्च होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. याच नदीतून उचललेलं पाणी शुद्ध होऊन लाखो घरांत जातं. सांडपाणी वरच अडवायचा अधिकार पाणी उचलणाऱ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी हे पाणी कमी पडत नाही.

आता माहेरचं सांगते. माझं माहेर शहापूर तालुक्यात, भातसाच्या वरच्या अंगाला. पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला कोरडी जागा नसते आणि होळी झाली की विहीर तळाला जाते. माझी वहिनी आणि शेजारणी ओढ्याच्या पात्रात वाळू उकरून खड्डा करतात आणि वाटीने पाणी हंड्यात भरतात. वाटीभर काढलं की थांबायचं, पुन्हा झिरपेपर्यंत. एक हंडा भरायला मी बसले होते तिच्यासोबत. अर्धा तास लागला, आणि वाळू येऊ नये म्हणून वर पदर धरून गाळलं ते वेगळं. वहिनी म्हणाली, "ताई, धरणाचं पाणी दारातून दिसतं आम्हाला. रात्री चांदणं पडलं की चमकतं." एवढंच म्हणाली. मी ठाण्याला येऊन नळ सोडला तेव्हा मला ते चमकणारं पाणी आठवत होतं.

आपण घोडबंदरवाले टँकरवर आहोत आणि ज्यांच्या जमिनीवर धरण बांधलं तेही टँकरवर आहेत. मग पाणी कमी आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या जिल्ह्यात तानसा, मोडकसागर, भातसा, बारवी आहेत, तिथे कमतरता पावसाची नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. महाराष्ट्राला पाणीपुरवठ्याचं नियोजन आणि पाण्याच्या उगमांचं रक्षण या दोन्हींसाठी अधिकार असलेलं एकच राज्य मंडळ हवं. दोन्ही एकत्र. नुसतं पाणी वाटणारं नको आणि नुसत्या नोटिसा काढणारंही नको.

काही जण म्हणतील, असं मंडळ आहे की. बरोबर आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात राज्य जल मंडळ आहे, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली. त्याच्या वर राज्य जल परिषद आहे, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली. राज्याचा एकात्मिक जल आराखडा मंडळाने करायचा आणि परिषदेने मंजूर करायचा. पण परिषदेची पहिली बैठक २०१५ साली झाली, तीही औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका गेल्यानंतर. मधल्या दहा वर्षांत घोडबंदर रोडवर किती टॉवर उभे राहिले ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. मी त्या सचिवांना दोष देत नाही. ज्यांच्याकडे आधीच दहा खाती आहेत त्यांनी वर्षातून एखादी बैठक घेऊन नद्या राखाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे. या कामाला पूर्णवेळ माणसं लागतात. इंजिनिअर, भूजलातले जाणकार, आणि धरणाखाली जमीन गेलेल्या गावांतली माणसं. ही शेवटची तर लागतातच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या मंडळाला "नाही" म्हणायचा अधिकार हवा. २०१७ मध्ये हायकोर्टाने घोडबंदरच्या नव्या बांधकामांच्या परवानग्या पाण्याच्या प्रश्नावरून रोखल्या होत्या. तेव्हा मला हायसं वाटलं होतं आणि लाजही वाटली होती. इथे पाणी आहे का, हा प्रश्न कोर्टाने विचारायचा? तो प्लॅन मंजूर होताना, पहिली वीट लागायच्या आधी विचारला गेला पाहिजे. आणि उत्तर देणारा बिल्डरच्या फाइलवर सही करणाऱ्या टेबलावर बसलेला नसावा.

नवी मुंबईचं उदाहरण मला नेहमी दिलं जातं. माझी नणंद नेरुळला राहते, तिला टँकर माहीत नाही. त्यांच्या महापालिकेने मोरबे धरण वेळेवर विकत घेतलं, आज दिवसाला ४५० दशलक्ष लिटर पुरवठ्याची क्षमता असलेलं हक्काचं धरण त्यांच्याकडे आहे. दूरदृष्टी होती, कौतुक आहेच. पण ते धरण रायगडात, खालापूरला आहे. प्रत्येक शहराने एकेक धरण विकत घ्यायचं ठरवलं तर ज्याची तिजोरी मोठी त्याची नदी, असं होईल. मग मुरबाड आणि शहापूरच्या वाट्याला काय उरेल? काळू धरणाला मुरबाडचे आदिवासी इतकी वर्षं विरोध करतात तो उगीच नाही. आधीच्या धरणांनी काय दिलं ते त्यांनी शेजारच्या तालुक्यात पाहिलंय. एखाद्या मंडळाने आधी त्या गावांच्या नळाला पाणी आणून दाखवलं आणि मग नव्या धरणाचं विचारलं, तर बोलणं तरी सुरू होईल.

पाणीपुरवठा हे महापालिकेचं काम, त्यात राज्याने हात घालू नये, असं आमच्या कमिटीतले एक काका म्हणतात. त्यांचं निम्मं मला पटतं. गल्लीतली चावी कधी सोडायची, गळती कुठे आहे, बिल किती, हे शहरानेच बघावं. पण नदी महापालिकेच्या हद्दीत सुरू होत नाही आणि संपतही नाही. हद्दीबाहेरचं जे आहे त्यासाठीच मंडळ. त्याने दोन गोष्टी लगेच सुरू कराव्यात: कुठल्या नदीतून रोज कुणी किती पाणी उचललं ते मराठीत जाहीर करावं, आणि पाणी उचलण्याच्या प्रत्येक जागेच्या वरच्या बाजूला ठरावीक अंतरापर्यंत एकही नाला प्रक्रियेशिवाय नदीत उतरू देऊ नये.

आमदारांना द्यायचं पत्र मी लिहायला घेतलंय. या रविवारी सकाळी दहाला आमच्या क्लबहाउसमध्ये वाचून दाखवणार आहे, बाजूच्या सोसायट्यांनीही यावं. आपापली टँकरची बिलं घेऊन या, ती जोडायची आहेत. वहिनीलाही बोलावलंय. ती म्हणाली, सकाळचं पाणी भरून झालं तर नऊची गाडी मिळेल.