एकाच बाईच्या दोन जबान्या

महाराष्ट्रात इतिहासावरून वाद पेटला की दोन्ही बाजू एकच मागणी करतात: पुरावा दाखवा. मग कुणी बखरीतला उतारा टाकतो, कुणी मोडी पत्राचा फोटो. पुढे कुणी कुणाचं ऐकत नाही. प्रकरण हातघाईवर येतं तेव्हा काय होतं, ते 2004 साली भांडारकर संस्थेच्या मोडतोडीत दिसलं. इथे अमेरिकेत या देशाचा इतिहास पदव्युत्तर पातळीवर शिकताना पुरावा हाती आला की काम सुरू होतं. ही सवय आपल्याकडे लागावी, असं मला कळकळीने वाटतं.

1936 ते 1938 या काळात अमेरिकी सरकारच्या एका योजनेत, गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्धांच्या मुलाखती टिपल्या गेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या फुकट वाचता येतात. त्यात चार्ल्स्टनच्या सुझन हॅमलिन या शंभरी ओलांडलेल्या बाईंच्या दोन मुलाखती आहेत. गोऱ्या बाईंनी घेतलेल्या मुलाखतीत मालक भला माणूस ठरतो. ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकाराने टिपलेल्या मुलाखतीत चाबकाचे फटके आहेत, लेकरं विकली जाताना आयांनी फोडलेला हंबरडा आहे. आडनावसुद्धा एकीत हॅमलिन, दुसरीत हॅमिल्टन. त्यातही गोऱ्या बाईंच्या मुलाखतीच्या वेळी समोरची बाई सरकारी मदत कचेरीतून आली आहे, असा सुझनबाईंचा समज होता. काळ मंदीचा. मदत देणाऱ्यासमोर माणूस काय बोलेल? दोन्ही कागद अस्सल आहेत. विचारणारा कोण, त्याच्याकडून अपेक्षा काय, टिपताना भाषा कुणी बदलली, हे तपासल्याशिवाय त्यांतला एकही नुसता उचलून चालत नाही.

पीएचडीची पहिली दोनेक वर्षं अशा वाचनातच जातात. सेमिनारला साधारण आठवड्याला एक पुस्तक. भारतातून आलेले विद्यार्थी इथे अडखळतात, कारण ते पुस्तकाचा सारांश लिहून आणतात. प्राध्यापकांना हवं असतं वेगळंच: लेखकाचा दावा काय, साधनं कोणती, तो कुणाला खोडून काढतोय. म्हणून आधी प्रस्तावना आणि तळटीपा वाचाव्यात, मग शेवट, आणि एखादं प्रकरण बारकाईने. पुढे तीन-चार विषयांची लेखी-तोंडी परीक्षा, मग प्रबंधाचा आराखडा. जाता जाता एक: एमएला शिष्यवृत्ती क्वचित मिळते, पीएचडीला बहुधा शिकवण्याच्या बदल्यात फी माफ होऊन विद्यावेतन मिळतं. कर्ज काढण्यापूर्वी हे बघावं.

यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळाचं, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेची घडी नव्याने बसवली जात होती त्या काळाचं, उदाहरण घ्या. कृष्णवर्णीयांना मताधिकार देणं ही घोडचूक होती, असं कोलंबिया विद्यापीठातले इतिहासकार विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी मांडत. (आंबेडकर 1913 ते 1916 मध्ये तिथे शिकत होते तेव्हा डनिंग तिथेच प्राध्यापक होते.) कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1935 साली ते खोडून काढलं, पण अभ्यासकांच्या मुख्य प्रवाहाने त्यांची दखल घ्यायला आणखी कित्येक वर्षं घेतली. पुरावा होता, ऐकायची तयारी नव्हती.

अमेरिका यात पुण्यवान आहे असं नाही. टेक्सासने 2021 मध्ये आणि फ्लोरिडाने 2022 मध्ये शाळांत वंशभेद कसा शिकवायचा यावर कायद्याने बंधनं घातली. पण विद्यापीठातल्या सेमिनारची शिस्त आपण उचलायला काय हरकत आहे? पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे ढीग आहेत. एमएला निदान एक पेपर असा असावा, ज्यात एकाच घटनेवरची दोन परस्परविरोधी पत्रं देऊन विद्यार्थ्याला फरकाचं कारण शोधायला लावलं जाईल.

आणि मराठी विद्यार्थ्याने इथे येऊन अमेरिकेचा इतिहासच का निवडू नये? जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुईझियानातल्या कोलफॅक्स इथे गोऱ्यांच्या जमावाने कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती. अमेरिकेची कोणती बातमी, कुठल्या वाटेने पुण्यापर्यंत पोचत होती आणि कोणती पोचत नव्हती, हा प्रबंधाचा विषय आहे. तो करायला मराठी आणि इंग्रजी दोन्ही साधनं वाचता यायला हवीत.