लोकलेखा समितीचे दार उघडा

विधिमंडळाच्या समित्या जाहीर झाल्या की कोल्हापूरच्या मित्रांशी फोनवर तोच विषय निघतो. अध्यक्षपद कुणाच्या गटाला गेले, मंत्रिपद हुकलेल्या कुणाची समजूत काढली. इतकी वर्षे ब्रिटनमध्ये राहून माझे मत पक्के झाले आहे की खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. त्या अध्यक्षाला निवडले कुणी? आणि तो अधिकाऱ्यांना काय विचारतो, ते तुम्हा-आम्हाला ऐकू येते का?

इथली लोकलेखा समिती, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशोब तपासणारी खासदारांची समिती, 1861 सालची. अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो आणि 2010 पासून सगळे खासदार मिळून गुप्त मतदानाने त्याची निवड करतात. 2024 मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले आणि समितीवर हुजूर पक्षाचे जेफ्री क्लिफ्टन-ब्राऊन निवडून आले. नोव्हेंबर 2012 मध्ये मार्गारेट हॉज अध्यक्ष असताना स्टारबक्स, ॲमेझॉन आणि गूगलच्या अधिकाऱ्यांना करावरून धारेवर धरले गेले, तेही कॅमेऱ्यासमोर. ही समिती कुणाला शिक्षा करू शकत नाही, तिच्या शिफारशीही सरकारवर बंधनकारक नाहीत. पण लोकांदेखत उत्तर द्यायचे म्हटल्यावर अधिकारी अभ्यास करून येतात.

आपल्याकडे हे काही नवे नाही. केंद्रातली समिती 1921 पासून आहे. 22 सदस्य, मंत्र्यांना मज्जाव, 1967 पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. ही प्रथा टिकली याचा मला अभिमान आहे. पण अध्यक्ष नेमतात लोकसभेचे सभापती आणि साक्षी होतात बंद दाराआड. कॅमेरा नसला की सदस्य पक्ष विसरून बोलतात, असे त्याचे समर्थन केले जाते. मला ते पटत नाही. 2011 मध्ये मुरली मनोहर जोशी अध्यक्ष असताना टूजी स्पेक्ट्रम (मोबाईल लहरी) वाटपावरचा मसुदा अहवाल सत्ताधारी सदस्यांनी बैठकीतच फेटाळला. दार तेव्हाही बंदच होते.

कोल्हापूरकरांना याची झळ जास्त लागायला हवी. नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली पाच वर्षे प्रशासक. ज्या काळम्मावाडी थेट पाईपलाईनसाठी शहराने इतकी आंदोलने केली, तिचे पाणी याच काळात, 2023 च्या दिवाळीत आले. शहराच्या एवढ्या मोठ्या योजनेचा हिशोब विचारायला तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता.

समितीची दारे उघडायला घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहाने आपले नियम बदलले की झाले. जिल्ह्यातल्या आमदारांकडे, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, हीच मागणी धरा. जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी विधिमंडळाची पंचायत राज समिती पुढच्या वेळी कोल्हापूरला येईल तेव्हा जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्यांच्या साक्षी दसरा चौकात, शाहू स्मारक भवनात होऊ द्या. शाहूवाडी-गगनबावड्याच्या सरपंचांना समोर बसून ऐकता आल्या पाहिजेत.