पाठांतरावर बिहेवियरल मुलाखत निघत नाही

मुलाखतीच्या तयारीचा एक सल्ला सगळीकडे फॉरवर्ड होत असतो. सारांश असा: ‘सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा’ या धाटणीचे बिहेवियरल, म्हणजे प्रत्यक्ष घडलेलं वागणं विचारणारे, प्रश्न सगळीकडे तेच ते असतात. पन्नास प्रश्नांची ‘स्टार’ (परिस्थिती, काम, कृती, परिणाम) पद्धतीतली उत्तरं पाठ करा. सतत ‘आम्ही’ म्हणा, म्हणजे टीममध्ये मिसळणारे वाटाल. अपयश विचारलं तर एखादा गुणच दोष म्हणून सांगा. आणि प्रसंग नसेल तर रचा, तपासतंय कोण? यातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, म्हणून बाकीचं खपून जातं.

‘प्रश्न ठरलेले असतात, उत्तरं पाठ करा.’

प्रश्नांचे विषय ठरलेले असतात हे खरं: मतभेद, चूक, अपुरी माहिती, डेडलाइन, नाराज ग्राहक, अधिकार नसताना काम करून घेणं. पण गुण पहिल्या प्रश्नावर मिळत नाहीत, ते मिळतात उपप्रश्नांवर. ‘तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणालात?’, ‘त्यावर त्यांचं उत्तर काय होतं?’, ‘दुसरा कुठला मार्ग होता आणि तो का सोडलात?’ पाठ केलेलं उत्तर दीड मिनिटात संपतं आणि इथून पुढे उमेदवार तेच उत्तर वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणू लागतो. मुलाखत घेणाऱ्याला हे लगेच कळतं.

ही पद्धत मुळात घडलेलं तपशिलात विचारण्यासाठीच घडली आहे. 1954 साली मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनागन यांनी मांडलेल्या तंत्रात लोकांची मतं विचारण्याऐवजी प्रत्यक्ष घडलेला ठळक प्रसंग आणि त्यातली कृती नोंदवण्यावर भर होता. 1982 मध्ये संशोधक टॉम जान्झ यांनी प्रसंग विचारणारी मुलाखत आणि मोकळ्या गप्पांची मुलाखत यांची तुलना केली; पुढच्या कामगिरीचा अंदाज पहिलीतून जास्त चांगला येत होता. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांची आकडेमोड नव्याने केली, तेव्हा ठरीव आराखड्याची (सगळ्यांना तेच प्रश्न, तीच पट्टी) मुलाखत निवडीच्या साधनांत सर्वांत वर होती; मुलाखतीतले गुण आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध सुमारे 0.42 (1 म्हणजे अचूक अंदाज). हा आकडा काही जादूचा नाही, पण बाकी साधनं त्याच्याही खाली आहेत. त्यामुळे कंपन्या हे प्रश्न सोडणार नाहीत.

म्हणून पन्नास उत्तरं नकोत, सहा ते आठ खरे प्रसंग घ्या. एका कागदावर उभा-आडवा तक्ता करा: डावीकडे प्रसंग, वर नोकरीच्या जाहिरातीतल्या जबाबदाऱ्यांवरून काढलेले, उमेदवारात हवे असलेले गुण. जिथे प्रसंग लागू पडतो तिथे खूण. एखाद्या गुणाखाली एकही खूण नसेल तर तिथे तयारी कच्ची आहे. सगळ्या खुणा एकाच प्रसंगासमोर असतील तरीही कच्चीच. अनेक ठिकाणी प्रत्येक मुलाखतकाराला तपासायला वेगवेगळे गुण वाटून दिलेले असतात आणि शेवटी सगळे टिपणं समोर ठेवून बसतात. चौघांच्या टिपणांत एकच प्रकल्प दिसला, तर अनुभव तेवढाच असा अर्थ निघतो. ॲमेझॉनसारख्या कंपनीत नेतृत्वाची 16 तत्त्वं जाहीर आहेत आणि प्रश्न त्यांच्याभोवती फिरतात. तिथे तक्त्याचे वरचे रकाने आयतेच मिळतात.

प्रत्येक प्रसंगाचं टिपण पाच ओळींचं ठेवा, तेही तुटक शब्दांत. पूर्ण वाक्यं लिहिली की ती पाठ होतात आणि मग एक शब्द अडला की सगळंच अडतं.

‘स्टारचे चारही भाग सविस्तर सांगा.’

परिस्थिती, काम, कृती, परिणाम हे चार भाग बरोबर आहेत. घोळ होतो मापात. बहुतेकांची पार्श्वभूमीच दीड मिनिट चालते: कंपनी काय करते, विभाग कसा होता, आधीचा माणूस का गेला. एकूण उत्तर दीड ते दोन मिनिटांचं धरलं, तर परिस्थिती आणि काम मिळून 25-30 सेकंद, कृती एक मिनिट किंवा थोडं जास्त, परिणाम 20 सेकंद. पार्श्वभूमीतलं एखादं वाक्य काढून पाहा. कृती तरीही समजत असेल तर ते वाक्य नकोच होतं.

परिणामातल्या आकड्यांबद्दलही तोच फॉरवर्ड मजकूर ‘टक्केवारी टाकाच’ असं सांगतो. ‘30 टक्के सुधारणा’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: कशाच्या तुलनेत, आणि मोजलं कोणी? याचं उत्तर नसेल तर आकडा न सांगितलेला बरा. ‘त्यानंतर ही तक्रार पुन्हा आली नाही’ हाही परिणामच आहे. जुन्या ग्राहकाचं नाव किंवा गोपनीय रक्कम मात्र सांगू नका. जो तिथलं इथे सांगतो, तो इथलंही बाहेर सांगेल अशी नोंद होते.

‘आम्ही म्हणा.’

या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. नमुन्यादाखल एक उत्तर घ्या: ‘दोन विभागांचे आकडे जुळत नव्हते, रिपोर्ट अडकला होता. आम्ही मीटिंग घेतली, चर्चा केली आणि प्रश्न सोडवला.’ मुलाखतकार लिहिणार काय? या माणसाने काय केलं, ते यात कुठेच नाही.

तोच प्रसंग असा: ‘मी दोन्ही याद्या एका शीटमध्ये शेजारीशेजारी लावल्या. 340 पैकी 41 नोंदी जुळत नव्हत्या. त्यातल्या 33 मध्ये दिवस आणि महिना उलटे पडले होते. त्या मी दुरुस्त केल्या, उरलेल्या आठ घेऊन लेखा विभागात गेलो. त्यांना आधी वाटलं की मी चुका काढायला आलोय, म्हणून आमच्याकडची चूक आधी दाखवली. रिपोर्ट त्याच दिवशी गेला. पुढे तारखेचा रकाना दोन्ही विभागांनी एकाच नमुन्यात भरायचं ठरवलं.’ यात ‘मी’ आहे, पण फुशारकी नाही. टीमचं श्रेय परिस्थितीत आणि परिणामात द्यावं. कृतीत क्रियापदं स्वतःची हवीत.

कारण गुणांकनात आहे. ठरीव मुलाखतीत बहुधा 1 ते 5 ची पट्टी असते आणि कुठल्या वागण्याला किती, याचे नमुने लिहिलेले असतात. मतभेदाच्या प्रश्नात तक्रार वर नेऊन मोकळं होणं खालच्या टोकाला पडेल, बोलून तोडगा काढणं मध्ये, आणि समोरच्याचं म्हणणं कशावर उभं आहे ते शोधून दोघांना मान्य असा निकष ठरवणं वरच्या टोकाला. ‘आम्ही प्रश्न सोडवला’ या पट्टीवर कुठेच बसत नाही.

‘अपयश विचारलं तर गुणच दोष म्हणून सांगा.’

‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर इतकं वापरून झिजलंय की ते प्रश्न टाळल्यासारखंच ऐकू येतं. अपयशाचा प्रसंग निवडताना तीन गोष्टी पाहा: निर्णय तुमचा होता, त्याची काहीतरी किंमत मोजावी लागली, आणि त्यात बेइमानी नव्हती. सांगताना चूक कधी लक्षात आली आणि सर्वांत आधी कोणाला कळवली, हे हमखास सांगा. ऐकणारा तिथेच कान टवकारतो. ‘यातून मी शिकलो’ एवढ्यावर थांबू नका, नंतर तशीच वेळ आली तेव्हा काय वेगळं केलं तेही सांगा.

‘प्रसंग नसेल तर रचा.’

जुन्या कंपनीला जाणारा पडताळणीचा फोन नंतरचा. रचलेली गोष्ट त्याआधीच, तिसऱ्या-चौथ्या उपप्रश्नाला उघडी पडते, कारण तिच्यात समोरच्या माणसाचं बोलणं आणि अडचणींचा क्रम नसतो. नवख्या उमेदवाराला रचायची गरजही नसते. कॉलेजचा गट-प्रकल्प, अर्धवेळ काम, एखाद्या कार्यक्रमाचा हिशेब, संघाचं कर्णधारपद, सगळं चालतं. खरंच प्रसंग नसेल तर तसं एका वाक्यात सांगा, सर्वांत जवळचा प्रसंग द्या आणि मग ‘तशी वेळ आली तर मी असं करीन’ यावर या. क्रम उलटा करू नका. ‘मी असं करीन’ हे काल्पनिक परिस्थितीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. घडलेलं विचारल्यावर ते आधी आलं तर मुलाखतकाराच्या टिपणातला रकाना रिकामा राहतो.

सराव लिहून नको, बोलून करा. एक प्रसंग फोनवर रेकॉर्ड करा, ऐका आणि ‘मग मी’ किती वेळा आलं ते मोजा. त्यानंतर कोणाला तरी फक्त उपप्रश्न विचारायला बसवा, पाच तरी. ऑनलाइन मुलाखतीत स्क्रीनवर उत्तरं उघडी ठेवू नका, डोळे ओळीवरून सरकताना दिसतात. कॅमेऱ्याशेजारी प्रसंगांच्या नुसत्या शीर्षकांची चिठ्ठी पुरते.