फुकटचा गॅस आणि न विचारलेला प्रश्न

"वीज फुकट, गॅस फुकट, पाणी फुकट, मीठसुद्धा फुकट! आणखी काय हवं माणसाला?" मंदारने तुर्कमेनिस्तानचा विषय काढला तोच असा.

"होतं म्हण," प्राची म्हणाली. "1993 पासून मिळायचं. 2019 उजाडलं आणि बंद झालं."

मंदार हटेना. "अगं, देशाचा बहुतेक भाग काराकुमचं वाळवंट. माणसं विरळ, त्यात तेक्के, योमुत, एरसारी अशा टोळ्या. तिथे कडक हात लागतोच."

वाळवंटाची ही सबब मला अजिबात पटत नाही, आणि बापूकाकांनाही पटली नाही. "त्याच वाळवंटात मुर्गाब नदीच्या पाण्यावर मर्व उभं होतं," ते म्हणाले. "सेल्जुक सुलतान संजरची राजधानी, जगातल्या मोठ्या शहरांतलं एक. 1221 मध्ये मंगोलांनी ते कापून काढलं. वाळूने नाही बुडवलं."

नंतर 1881 ला रशियन फौजांनी ग्योक तेपेचा किल्ला पाडून हजारोंची कत्तल केली. मग सोव्हिएत आले. 1954 पासून त्यांनी अमुदर्या नदीचं पाणी कालव्याने वळवायला सुरुवात केली, आणि पुढे तो तेराशे किलोमीटरहून लांब गेला. कापूस पिकला, राजधानी अश्गाबातला पाणी मिळालं. पण कच्च्या पात्रातून कितीतरी पाणी वाळूत मुरलं, आणि अरल समुद्र आटला त्यात या कालव्याचाही वाटा आहे.

मला मात्र 1948 च्या ऑक्टोबरबद्दल बोलायचं होतं. एका रात्रीत भूकंपाने अश्गाबात भुईसपाट झालं. मेलेल्यांचा खरा आकडा सरकारने दडवला; पुढे एक लाखाच्या वरचे अंदाजही आले. त्यात आई आणि भाऊ गमावलेला एक पोरका मुलगा मोठा होऊन राष्ट्राध्यक्ष झाला, सपरमुरात नियाझोव्ह. 2002 मध्ये त्याने जानेवारी महिन्याचं नाव बदलून स्वतःची पदवी ठेवली आणि एप्रिल महिन्याला आईचं नाव दिलं. आईसाठीचं दुःख मी समजू शकतो. पण त्याच माणसाने 2005 मध्ये राजधानीबाहेरची इस्पितळं बंद करायचा हुकूम काढला. खेड्यातल्या आजारी आयांनी जायचं कुठे?

"ते वाईटच," मंदार म्हणाला. "पण 1995 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांची कायमची तटस्थता मान्य केली. शेजारी अफगाणिस्तान जळत होता, हे बाहेर राहिले. हे काय कमी आहे?"

कमी नाहीच. मी ते मानतो. पण तटस्थतेचा अर्थ तिथे असाही झाला की आत काय चाललंय ते बाहेरच्यांनी बघू नये. गॅसच्या साठ्यात जगातल्या पहिल्या काही देशांत नाव, 2009 पासून नळाने थेट चीनला विक्री, आणि अलीकडच्या वर्षांत स्वस्त पिठा-पावासाठी रांगा लागल्याच्या बातम्या, त्याही देशाबाहेरून चालणाऱ्या माध्यमांतून.

बापूकाकांनी मंदारला विचारलं, "फुकट गॅस बंद केला तेव्हा लोकांनी जाब कुणाला विचारायचा होता?"

"संसद आहे ना, मजलिस."

"तिच्या वर 2023 पासून हल्क मसलहाती, म्हणजे लोकपरिषद," प्राची म्हणाली. "घटनाही तीच बदलू शकते. तिचा अध्यक्ष गुर्बांगुली बेर्दिमुहम्मेदोव्ह, 2022 पर्यंतचा राष्ट्राध्यक्ष. आणि आताचा राष्ट्राध्यक्ष सेर्दार, त्याचाच मुलगा."