कळलं, पण समजलं नाही

सहावीच्या वर्गात अपूर्णांकांचा भागाकार घेत होते. 3 भागिले 1/2. गुणाकार व्यस्त घ्या, गुणा, उत्तर 6. फळ्यावर करून दाखवलं आणि सवयीने विचारलं, "समजलं का?" वर्ग एका सुरात म्हणाला, "हो बाई." मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली. "बाई, कळलं, पण समजलं नाही."

22 वर्षं शिकवतेय. आपल्या अडचणीचं इतकं नेमकं वर्णन करणारं वाक्य मी वर्गात क्वचितच ऐकलंय.

काय करायचं ते तिला कळलं होतं. उलटा करा आणि गुणा. पण भागल्यावर 3 चे 6 कसे होतात? भागलं की संख्या लहान होते, ही तिची तिसरीपासूनची समजूत. ती आम्हीच करून दिलेली, कारण तेव्हा सगळे भागाकार पूर्ण संख्यांचेच होते.

त्या दिवसापासून हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. 'शाळेला सुट्टी आहे असं मला कळलं' म्हटलं की सुट्टी असतेच. ती नसेल तर 'चुकीचं कळलं' असं वेगळं सांगावं लागतं. पण 'सुट्टी आहे असं मी समजले' म्हटलं की ऐकणारा लगेच ओळखतो, ही बाई शाळा असूनही घरीच राहिलेली दिसते. 'समजणे' या शब्दाच्या पोटात 'मानणे'ही आहे. म्हणून गणितात आपण 'समजा, क्ष बरोबर 5' म्हणतो. म्हणूनच समजूत चुकीची असू शकते, गैरसमज होतो. 'गैरकळ' असा शब्दच नाही.

आणखी एक गंमत पाहा. 'तू समजून घे' म्हणता येतं, 'तू कळ' असं म्हणता येत नाही. कळणं आपल्याकडे येतं. मला कळलं, तुला कळलं, त्याला कळलं. आपण फक्त जागेवर असावं लागतं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते पुढच्या जोडीने. कळणेवरून कळवणे होतं. ते एका ओळीच्या मेसेजमध्ये उरकतं. समजणेवरून समजावणे. त्याला वेळ लागतो, चार उदाहरणं लागतात, आवाज खाली आणावा लागतो. आणि उमजणेवरून? 'मी त्याला उमजवलं' असं बोलताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही. उमजणं ज्याचं त्यालाच होतं, आणि बहुतेक वेळा शिकवणारा समोर नसताना. माझ्या हातात समजावण्यापर्यंतचंच आहे, हे भाषेला माझ्याआधी ठाऊक होतं.

'आकलन' हा आम्हा शिक्षकांच्या कागदपत्रांतला लाडका शब्द. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी उद्दिष्टं लिहायची, नोंदवहीत 'आकलनशक्ती चांगली आहे' असा शेरा मारायचा. हा शब्द 'कळणे'च्याच कुळातला. संस्कृतातल्या 'कल्' धातूपासून दोन्ही आलेत, आणि 'आकलन'चा जुना अर्थ धरणं, बांधणं असाही आहे. 'ग्रहण'चंही तसंच. मुळात पकडणं. ग्रहणशक्ती त्यातलीच, आणि पूर्वग्रह, दुराग्रह, गृहीत धरणं हीसुद्धा त्यातलीच. मूठ फार घट्ट झाली की काय होतं ते या शब्दांतच दिसतं.

इतकं सगळं हाताशी असताना हल्ली आम्ही मुलांना एकच विचारतो, "कन्सेप्ट क्लिअर?" पालकही तेच विचारतात, शिकवणीतही तेच. मला याचा खरंच त्रास होतो. इंग्रजी शब्द आला म्हणून नाही, फळा-खडूच्या जगात टेबल, पेन, बेंच कधीचेच रुळलेत. त्रास याचा की त्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देता येतं. 'कळलं, पण समजलं नाही', 'समजलं, पण पटलं नाही', 'कळतं, पण वळत नाही' ही तिन्ही दुखणी वेगळी आहेत, तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मुलाला नेमकं कुठे अडलंय ते सांगायचे शब्दच आपण काढून घेतले, तर शिक्षकाने अंदाज किती बांधायचे?

त्या दिवशी मी फळ्यावर 3 भाकऱ्या काढल्या, प्रत्येकीला अर्धी अर्धी केली, तुकडे मोजायला लावले. तिने 6 मोजले, मान हलवली, खाली बसली. तिला पटलंय असं काही मला वाटलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली. प्रार्थनेच्या आधीच ती धावत आली. तिची आई घरी चकलीची भाजणी करून विकते. यंदा 5 किलो भाजणी पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरायचं काम हिच्याकडे होतं.

"बाई, 20 पिशव्या झाल्या! 5 भागिले पावच होतं ना ते?"