दाब घसरला म्हणून मासा गळाला लागतो असं नाही

गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सारखा फिरतो. त्याचं सार असं: हवेचा दाब घसरू लागला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, वादळाची चाहूल लागून तो आधाशासारखा खातो. दाब 1010 मिलिबारच्या खाली गेला की गळ टाका, 1020 च्या वर गेला की घरी बसा.

आधी ती पिशवी घेऊ. पाण्यात एक सेंटिमीटर खाली गेलं की दाब साधारण एक मिलिबारने वाढतो. म्हणजे हवेचा दाब दहा मिलिबारने घसरणं माशाच्या लेखी दहा सेंटिमीटर वर सरकण्याइतकंच. कोळंबीच्या मागे तो एका झेपेत याच्या कितीतरी पट वर-खाली करतो. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. तळाशी बसलेल्या माशावर सहा तासांत चारशे मिलिबार चढतात नि पुढच्या सहा तासांत उतरतात. तेवढं सोसणाऱ्याला तुमच्या हवामानाच्या ॲपमधल्या दहा मिलिबारची काय मातब्बरी?

उघड्या समुद्रात तर हे दहासुद्धा तळापर्यंत पोचत नाहीत. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर वर येते, आणि हिशेब जागच्या जागी फिटतो. धरणाच्या बंद पाण्यात तसं होत नाही, हे खरं. पण तिथेही आकडा दहा सेंटिमीटरचाच. शिवाय ॲप दाखवतं तो दाब समुद्रसपाटीला आणून मांडलेला असतो. उंचावरच्या खडकवासला धरणाच्या पाण्यावर प्रत्यक्षात साडेनऊशेच्या आसपासच मिलिबार असतात. संदेशाच्या नियमाने तिथल्या माशांनी बारा महिने खातच सुटायला हवं.

‘घसरता दाब म्हणजे भूक’ हा दावा आपल्याकडे आणखीच फसतो. उष्ण कटिबंधात दाब रोज घड्याळासारखा हलतो: सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारपर्यंत तीन-चार मिलिबार उतरतो. थंड प्रदेशांत हवामान बदललं की वीस-तीस मिलिबारची उलथापालथ होते. तिथल्या अनुभवावरचा हा नियम असणार. आपल्याकडे तो लावला तर रोज भर दुपारी मासा तुटून पडायला हवा, आणि नेमकं तेव्हाच कोकणातला गरवणारा सावली शोधत असतो. मुंबईचा सरासरी दाब जानेवारीत 1013 च्या आसपास, जुलैत त्याहून सुमारे दहाने कमी. 1020 तर आपल्या किनाऱ्यावर क्वचितच दिसतो. मग थंडीत सरासरी 1010 च्या वर असते म्हणून संदेशाप्रमाणे गळ गुंडाळून ठेवायचा का?

‘पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात ते कशामुळे?’ असा उलट प्रश्न हमखास येतो. ओढ्याला नवं, गढूळ, वाहतं पाणी आलं म्हणून. अंडी घालायला ते प्रवाहाविरुद्ध चढतात. दाब पुढे अख्खा पावसाळा कमीच असतो, चढण मात्र थोडे दिवस.

माशाला दाब कळतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सप्टेंबर 2001 मध्ये गॅब्रिएल वादळ येण्याआधी फ्लोरिडाच्या टेरा सिया खाडीतली मुशीची (शार्कची) पिल्लं उथळ पाणी सोडून खोल पाण्यात निघून गेली. संशोधकांनी अंगावर लावलेल्या यंत्रांवरून ते टिपलं आणि घसरत्या दाबाशी त्याचा संबंध जोडला. मुशीला हवेची पिशवीच नसते! आणि ती पिल्लं खायला गोळा झाली नव्हती, पळाली होती. संदेशातली दोन्ही विधानं याच एका नोंदीने अडचणीत येतात.

वादळाआधी कधी गळाला जोर येतो, हेही अनेकांनी पाहिलंय. पण तेव्हा ढग येऊन उजेड कमी झालेला असतो, वारा फिरलेला असतो, पाणी ढवळलेलं असतं. यातलं श्रेय एकट्या दाबाला कसं द्यायचं? डोल, म्हणजे प्रवाहात रोवलेलं पिशवीसारखं जाळं, लावणारा कोळी तिथी बघतो. उधाणाला पाण्याला ओढ असते, अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) ते मंदावतं, आणि डोलीत मासा आणते ती ओढ. गळवाल्यानेही त्याच्याकडून एवढं घ्यावं.

आपल्या किनाऱ्यावर दाब खरोखर भराभर कोसळतो तो चक्रीवादळात. 3 जून 2020 ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. वादळाच्या इशाऱ्यामुळे बोटी बंदरात परत बोलावल्या होत्या, पण कातळावर उभं राहून गरवणाऱ्याला कोणी परत बोलावत नाही. त्या दिवशी हा संदेश सांगत होता: गळ टाका.