साडेपाच तासांनी सरकलेला वारा

गोव्यात सध्या एक आलेख हातोहाती फिरतो आहे. किनाऱ्यालगतच्या एका घराच्या गच्चीवर बसवलेल्या लहान पवनचक्कीच्या ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातील नोंदी त्यात मांडल्या आहेत. आडव्या अक्षावर वाऱ्याचा वेग, उभ्या अक्षावर वीज आणि मध्ये मोहोळ उठल्यासारखे विखुरलेले ठिपके. त्याखालच्या मजकुराचे म्हणणे असे, की यंत्र कधीच पूर्ण क्षमतेने चालले नाही, एकाच वेगाला कधी भरपूर तर कधी नगण्य वीज मिळाली, चांगला वारा असतानाही यंत्र शून्यावर बसून राहिले, त्यामुळे कोणत्या वेगाला किती वीज मिळेल हे दाखवणारा उत्पादकाचा वक्र खोटा आहे, आणि सबब गोव्यात पवनचक्की चालत नाही. आलेखासोबत नोंदींची मूळ फाइलही जोडली आहे, याबद्दल तो काढणाऱ्या गृहस्थांचे आभार मानले पाहिजेत, कारण ती फाइल नसती तर या दाव्याची तपासणीच करता आली नसती.

पूर्ण क्षमतेचा मुद्दा लवकर निकालात निघतो. पवनचक्कीवर लिहिलेली क्षमता साधारणपणे सेकंदाला 11 ते 12 मीटर वेगाच्या वाऱ्याला गृहीत धरलेली असते, आणि वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते. फाइलमधला वारा बहुतेक वेळ सेकंदाला 6 मीटरच्या खालीच आहे, तेव्हा त्या वाऱ्यात जेवढे नव्हते तेवढे यंत्राने द्यावे, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

एकाच वेगाला वेगवेगळी वीज, हा मात्र दाव्याचा कणा आहे आणि तो मी बारकाईने तपासला. विजेचा रकाना इन्व्हर्टरमधून, म्हणजे पवनचक्कीची वीज वीज खात्याच्या तारेला जुळेल अशी करणाऱ्या यंत्रातून, आलेला आहे, वाऱ्याचा रकाना वेगळ्या नोंदयंत्रातून, आणि दोन्हींमध्ये दर 10 मिनिटांची सरासरी आहे. वाऱ्याच्या रकान्यातून मी सहज दिवसाचा सर्वाधिक वेग शोधत गेलो, तर जवळजवळ दररोज तो सकाळी साडेनऊच्या आसपास दिसला. इथेच थांबावे लागले. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा ओसरत असतो, समुद्रावरून येणारा खारा वारा दुपारपर्यंत जोर धरतो आणि तीनच्या सुमारास ऐन भरात येतो, हे माडांच्या झावळ्यांकडे पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. सकाळचे साडेनऊ आणि दुपारचे तीन यांत साडेपाच तासांचे अंतर आहे, म्हणजे भारतीय वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतले नेमके अंतर. वाऱ्याचे नोंदयंत्र जागतिक वेळेवर चालत होते आणि इन्व्हर्टर भारतीय वेळेवर. आलेख काढताना पहाटेच्या विजेसमोर सकाळचा वारा आणि दुपारच्या विजेसमोर संध्याकाळचा वारा ठेवला गेला होता.

मी वाऱ्याचा रकाना 33 ओळी, म्हणजे 10 मिनिटांच्या हिशेबाने साडेपाच तास, खाली सरकवला आणि आलेख पुन्हा काढला. मोहोळ नाहीसे झाले आणि खालून वर चढत जाणारा एक ओळखीचा पट्टा उभा राहिला. तरीही थोडा पसारा उरतो, आणि तो उरणारच, कारण सरासरी तीच असली तरी झोतांनी येणारा वारा आणि संथ वारा सारखी शक्ती बाळगत नाहीत: 10 मिनिटे सलग 6 मीटरने वाहणाऱ्या वाऱ्यापेक्षा पाच मिनिटे 4 आणि पाच मिनिटे 8 मीटरने वाहणाऱ्या वाऱ्यात एक तृतीयांश अधिक शक्ती असते. म्हणूनच ठिपक्यांवरून निकाल देत नाहीत. पवनचक्कीची वीज मोजण्याच्या आयईसी 61400-12-1 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वेगाचे सेकंदाला अर्ध्या मीटरचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यातील विजेची सरासरी काढतात, आणि लहान यंत्रांसाठी 10 मिनिटांऐवजी एका मिनिटाच्या सरासरीवर काम करतात.

शून्यावर बसलेल्या ठिपक्यांपैकी बरेचसे वेळ जुळवल्यावर आपोआप गेले. जे उरले त्यांच्या शेजारी इन्व्हर्टरच्या स्थितीचा रकाना आहे आणि त्यात तारेवरचा पुरवठा खंडित झाल्याची नोंद आहे. ऑक्टोबरमधील गडगडाटी पावसात वीज जाते, आणि वीज गेली की तारेला जोडलेल्या इन्व्हर्टरने स्वतःला तोडून घेणे सक्तीचे असते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वीज खात्याच्या माणसाच्या जिवावर बेतेल. तेव्हा ते शून्य सुरक्षेसाठी आहे. अशा ओळी वक्र काढताना वगळाव्यात, आणि वर्षभराच्या उत्पन्नाचा हिशेब करताना मात्र अवश्य धराव्यात.

एवढे करूनही वक्र उत्पादकाच्या वक्राच्या किंचित खाली राहतो, हे मी मान्य करतो. उत्पादकाचे आकडे घनमीटरला 1.225 किलो घनतेच्या हवेसाठी असतात, तर 30 अंश तापमानाला आपल्या दमट हवेची घनता 1.15 च्या आसपास येते. सुमारे सहा टक्के घट तिथेच झाली. शिवाय छायाचित्रात वेगमापक गच्चीच्या कठड्यालगत दिसतो, जिथे भिंतीवर आदळून वर चढणारा वारा वेग घेतो. वेग 10 टक्के जास्त मोजला गेला, तर अपेक्षित वीज 33 टक्के फुगते आणि निर्दोष यंत्रही कमी पडल्यासारखे दिसते.

राहिला शेवटचा निष्कर्ष. घराभोवती माड आणि शेजारी उंच इमारत असेल तर गच्चीवरची लहान पवनचक्की बहुधा परवडणार नाही, असेच मीही विचारणाऱ्यांना सांगतो. पण तो वाऱ्याचा आणि जागेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पात्यांच्या उंचीवर वर्षभर मोजलेल्या वाऱ्यातून मिळते, आणि जून ते ऑगस्ट हे आपल्याकडचे भर वाऱ्याचे महिने तर या फाइलमध्ये नाहीतच. त्या गृहस्थांनी दोन्ही घड्याळे एका वेळेवर लावून तोच आलेख पुन्हा काढावा, आणि पहिला जिथे जिथे पाठवला तिथे दुसराही पाठवावा, अशी माझी विनंती आहे.